धानाची बांधी, गावचे तळे आणि रात्रीचे नाटक

भाऊबीज आटोपली की वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांना मंडईचे वेध लागतात. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून उभे असते, आणि या दोहोंच्या मधल्या सवडीत गावोगावी मंडई भरते. एका गावची मंडई आज, शेजारच्या गावची उद्या, त्यापलीकडच्या गावची परवा, असा क्रम ठरलेला असतो. कारण सोयऱ्याधायऱ्यांना एकमेकांकडे जाता आले पाहिजे. दुपारी बाजार भरतो, गोवारी बांधव आपल्या वाद्यांच्या तालावर नाचतात, आणि रात्री दंडार किंवा नाटक होते. पाहुणे ते पाहून पहाटे आपापल्या गावी परततात.

भंडारा, गोंदिया व गडचिरोली हे जिल्हे, चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग आणि नागपूर जिल्ह्याची पूर्वेकडील किनार मिळून जो धानाचा, तळ्यांचा व वनांचा प्रदेश होतो, त्यास झाडीपट्टी असे नाव आहे. ‘झाडी’ या शब्दाचा येथील अर्थ अरण्य असा आहे. या प्रदेशाची माणसे अरण्याच्या नावाने ओळखली जातात आणि त्यांची रंगभूमीही त्याच नावाने ओळखली जाते. ही गोष्ट वरवर साधी दिसली, तरी तिच्यात आजच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा प्रश्न कोणता? ‘लोककलांच्या माध्यमातून पर्यावरण संवर्धनाचा प्रचार’ हे वाक्य आता बहुतेक प्रत्येक आराखड्यात आढळते. कलापथके निघतात, पथनाट्ये होतात, त्यांचे अहवालही वेळच्या वेळी सादर होतात. तथापि, गावाच्या वागणुकीत त्यामुळे किती फरक पडला, असे विचारले असता उत्तर देणाऱ्याची अडचण होते. झाडीपट्टीत जी परंपरा आहे तिच्यात हा क्रम उलटा आहे. तेथे निसर्गाला धरून चालणारे जीवन आधी आले. गाणे व नाटक त्या जीवनातून निघाले. म्हणून ते ऐकले गेले.

तळ्याच्या मापाने चालणारे गाव

या भागात मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजवटीत तळे बांधणाऱ्यास जमिनीची सवलत मिळत असे. कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी हेरून ही तळी बांधली. मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याचा सलंग आणि शेतापर्यंत जाणारे पाट, एवढीच त्याची रचना. कोणतेही यंत्र नाही. परंतु एका तळ्यातून सुटलेले पाणी खालच्या तळ्याला मिळावे, अशी साखळी अनेक ठिकाणी साधलेली आहे आणि ती आजच्या अभियंत्यालाही विचार करावयास लावते.

धान पिकविणारा शेतकरी, मासे धरणारा ढिवर, शिंगाडा काढणारा, जनावरे धुणारा, या सर्वांचा त्याच पाण्यावर हक्क असल्याने कोणाही एकास हात सैल सोडता येत नसे. पाणी केव्हा सोडावयाचे, कोणाच्या बांधीत प्रथम जावयाचे, गाळ केव्हा काढावयाचा, हे बसून ठरवावे लागे. साधी राहणी येथे उपदेशातून आली नाही, ती तळ्याच्या मापातून आली. जेवढे पाणी तेवढी रोवणी. पऱ्हे चिखलात रोवताना स्त्रिया जी गाणी म्हणतात, त्या गाण्यांचा ठेकाही रोप खोचणाऱ्या हाताच्या गतीवर बसलेला असतो.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. साधेपणा आणि दारिद्र्य ही एकच गोष्ट नव्हे. झाडीपट्टीत हिवताप होता, अर्धपोटी राहणे होते, मालगुजाराची जबरदस्तीही होती. शहरातून आलेला पाहुणा मातीच्या भिंती आणि कवेलूंची घरे पाहून हरखून जातो. त्या घरात पावसाळा काढणाऱ्यास विचारले तर तो वेगळे सांगेल. जुने सर्व चांगले होते, असे म्हणण्याचा या लेखाचा उद्देश नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून ही तळी शासनाकडे आली. ही न्याय्यच गोष्ट होती. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, जी पाळ गाव दरवर्षी स्वतः दुरुस्त करीत असे, ती आता ‘सरकारी’ झाली. तुडुम फुटले तर अर्ज करावा व वाट पाहावी, अशी सवय लागली. अनेक तळी गाळाने भरली, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणे झाली, काहींमध्ये बेशरम नावाची झुडपे माजली. मासे कमी झाले, पक्षी कमी झाले. महाराष्ट्रात सारस पक्षी आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, तोही याच तळ्यांच्या व धानबांध्यांच्या आश्रयाने.

तणसीवर बसलेला प्रेक्षक

आता रंगभूमीकडे वळू. दंडार, खडी गंमत, गोंधळ, डहाका असे अनेक प्रकार या भागात होते व काही अंशी अजून आहेत. दंडारीत नट गावातलेच. दिवसा नांगर धरणारा रात्री राजा होई, आणि न्हाव्याचा किंवा सुताराचा मुलगा लुगडे नेसून राणी होई. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मातीचा कट्टा रचला की मंच तयार. धानाची तणस पसरली की बैठक तयार. थंडीत तणसीवर घोंगडी पांघरून बसलेल्या प्रेक्षकाला समोरच्या नटाचे घर माहीत असते, कर्ज माहीत असते, स्वभावही माहीत असतो. त्यामुळे नट जेव्हा सावकाराची किंवा दारुड्याची नक्कल करतो, तेव्हा ती कोणाची हे सांगावे लागत नाही. हशा पिकतो आणि ज्याची नक्कल झाली तोही, निदान चारचौघांत, हसतो. सौम्य परंतु परिणामकारक अशी ही लोकशिक्षणाची रीत होय.

दंडारीच्याच शेजारी पुढे झाडीपट्टीचे नाटक वाढले. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे त्याचे केंद्र. तेथील नाट्यमंडळांच्या कचेऱ्यांना ‘प्रेस’ असे नाव पडले आहे. दिवाळीपासून साधारणतः होळीपर्यंत हा मोसम चालतो. गावातील मंडळ नाटक ठरविते, कनाती लावते, तिकिटे विकते, आणि अनेक ठिकाणी शिल्लक रक्कम शाळेच्या किंवा देवळाच्या कामी लावते. हुंडा, दारू, कर्जबाजारीपणा, अंधश्रद्धा असे विषय या नाटकांतून वर्षानुवर्षे आलेले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा राज्याच्या इतर भागातील अनेकांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले. ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक जाणिवेस फारशी भूषणावह नाही.

या रंगभूमीस कोणी सुगीचा करमणुकीचा धंदा म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. विजेचे दिवे आले, बाहेरगावच्या अभिनेत्री आल्या, गल्ल्याचा विचार आला. कथानकात सवंगपणाही शिरला. तरीही एक गोष्ट टिकून आहे. नाटकाची तारीख अजूनही धानावर ठरते. पाऊस दगा देऊन गेला तर त्या वर्षी नाट्यमंडळांच्या तारखाही रिकाम्या राहतात. शेतीशी इतके घट्ट बांधलेले नाट्यगृह अन्यत्र क्वचितच सापडेल.

खंजिरीचा मार्ग

संगीताच्या बाजूने पाहिले तर याच विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे उदाहरण आहे. त्यांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. तरुणपणी ते चिमूर परिसरातील अरण्यात राहिले. फळामुळांवर, वनवासी बांधवांच्या सोबतीने त्यांनी तेथे काळ घालविला. अरण्यातून बाहेर येताना त्यांनी जे वाद्य सोबत आणले ते म्हणजे खंजिरी. एका हातात मावणारे, मातीत बसूनही वाजविता येणारे, खेड्यातील कोणालाही परवडणारे. १९३५ साली मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९४२ च्या लढ्यात त्यांना अटक झाली. १९५५ च्या सुमारास ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रम आणि गोवंश यांच्याबरोबरच भजनाच्या प्रभावाचाही स्वतंत्र विचार आहे, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. गाणे हे त्यांच्या ग्रामरचनेत शेवटी लावलेले तोरण नव्हते.

श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावांतून रामधून निघते. त्यापूर्वी पहाटे रस्ते झाडले जातात, सडा पडतो, रांगोळी निघते, आणि मग भजन म्हणत गाव फिरावयाचे. आधी झाडणी, नंतर गाणे. संत गाडगेबाबांचाही क्रम हाच होता. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहावयाचे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि उत्तर देता देता श्रोत्यांना आपलीच चूक उमगे. राज्य शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा त्यास बाबांचे नाव दिले, ते या दृष्टीने अगदी यथोचित होय.

या दोघांच्या सांगण्याचा परिणाम झाला याचे श्रेय आपण सहसा त्यांच्या वाणीला देतो. वाणी थोर होतीच. परंतु ज्याच्या हातात सकाळी खराटा पाहिला, त्याच्या तोंडून रात्री स्वच्छतेचे गीत ऐकणे ही गोष्ट निराळी असते. मानधन घेऊन मोटारीने आलेल्या पथकास हा लाभ कोठून मिळणार?

घोटुलाचे लाकूड

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव आहे. ग्रामसभेच्या कारभारासाठी ते देशभर परिचित झाले, म्हणून येथे केवळ एकाच प्रसंगाची आठवण करून देतो. गोंड समाजात घोटुल ही तरुण-तरुणींनी एकत्र येऊन गाण्याची, नाचण्याची व समाजाचे वळण शिकण्याची जागा. ती परंपरा त्या भागात मागे पडली होती. १९८० च्या दशकात गावाने जंगलातील लाकूड आणून घोटुल पुन्हा उभारले. वन खात्याने हरकत घेऊन ते पाडले. तेव्हा मेंढाच नव्हे, तर आसपासच्या गावांनीही घोटुल उभारले. गाण्याच्या घरासाठी सुरू झालेला हा वाद जंगल कोणाचे, या प्रश्नापर्यंत जाऊन पोचला.

पुढे त्याच घोटुलात ग्रामसभा बसू लागली, अभ्यासगट बसू लागले. जंगलाला आग लावावयाची नाही, फळझाड तोडावयाचे नाही, गरजेपुरतेच आणावयाचे, असे नियम गावाने सर्वसहमतीने केले. २००९ साली वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर वनावर गावास सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ज्या जागेत रेला गाणी होतात, त्याच जागेत वनाचे नियम ठरतात. नियम पाळण्यासाठी पहारेकऱ्याची गरज कमी पडते, ती काही अंशी त्यामुळेच.

एक दुपार

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक ऐन रोवणीच्या दिवसांत एका धानपट्ट्यातील गावी होता. दुपारी बाराच्या सुमारास एक कलापथक आले. पाणी अडविण्यासंबंधीचे त्यांचे नाट्य वाईट नव्हते. मुलींचे आवाज तर फारच गोड होते. परंतु चावडीसमोर शाळेतील मुले, दोन वृद्ध आणि संबंधित कर्मचारी एवढेच प्रेक्षक होते. बाकी गाव चिखलात उभे होते. नाट्यात बंधाऱ्याचे महत्त्व सांगितले गेले. त्या गावात बंधारा नव्हताच. तळे होते आणि त्याचे तुडुम तीन वर्षांपासून फुटलेले होते. कार्यक्रम संपल्यावर छायाचित्र काढण्यात आले, आणि त्या दोन वृद्धांपैकी एकाने लेखकास बाजूस नेऊन ते तुडुम दाखविले. कोणाचा दोष काढावा असा हा प्रसंग नव्हे. कलावंतांना विषय दिलेला होता, कर्मचाऱ्यास दिनांक दिलेला होता. गावाला मात्र कोणी काही विचारले नव्हते.

या प्रसंगाच्या उलट बाजूचे कामही याच भागात झालेले आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या, विशेषतः त्यातील स्त्रियांच्या, सहभागाने तळ्यांतील बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत यावेत म्हणून प्रयत्न केले. कोणती वनस्पती कोणत्या माशास हवी, हे ज्ञान मासेमारांजवळ होतेच. संस्थेच्या नावात निसर्ग व संस्कृती हे शब्द जोडीने आले आहेत, ते तिच्या कामाकडे पाहता अलंकारिक वाटत नाहीत.

मोसमाचे गणित

ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक बाब सांगण्यासारखी आहे. झाडीपट्टीचा नाट्यमोसम फाल्गुनात संपत येतो, आणि लगेच मोह फुलू लागतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची पद्धत आहे. तीतून वणवे लागतात. शिवाय फुले पहाटे वेचली जातात, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात पहाटेच्या अंधारात वाकून बसलेल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना वारंवार घडतात. त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम, पुन्हा तोच धोका. उन्हाळ्यातच तळी कोरडी पडतात आणि गाळ काढावयाचा तर तोही तेव्हाच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाली. पण कोणत्या तळ्याचा गाळ कोणाच्या शेतात जावा याचा तंटा गावातच मिटवावा लागतो.

म्हणजे ज्या गोष्टी गावास सांगावयाच्या आहेत, त्या सांगण्याचा उत्तम काळ माघ महिना होय. तेव्हा गाव रिकामे असते, रात्री मंच उभा असतो, आणि जे काम करावयाचे ते पुढच्याच महिन्यात यावयाचे असते. आषाढात सांगितलेली मोहाची गोष्ट चैत्रापर्यंत कोणाच्या लक्षात राहील? नाटकाच्या मधल्या अंकात अर्धा तास दंडारीस देणे, तीत पालापाचोळा न पेटविता झाडून काढण्याची आणि चारजणांच्या सोबतीनेच वनात जाण्याची गोष्ट घालणे, हे गावातील मंडळास सहज जमण्यासारखे आहे. संहिता वरून येण्याची आवश्यकता नाही. वाघाच्या तोंडून सुटलेला मनुष्य बहुधा त्याच गावात किंवा शेजारच्या गावात सापडतो.

भाषेविषयी एक शब्द. झाडीबोली ही अशुद्ध मराठी आहे असे मानून शिक्षक मंडळी अशा लेखनावर प्रमाण भाषेचे संस्कार करू पाहतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण हशा मात्र त्या संस्कारात वाहून जातो. गोंडी वस्तीत तर मराठी संहिता नेणे म्हणजे निम्म्या प्रेक्षकांना घरी पाठविणे होय.

प्रशासनाच्या बाजूने ध्वनिक्षेपकाचा प्रश्न येथे खरा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. शासनास वर्षातून १५ दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. रात्रभर चालणाऱ्या या रंगभूमीचा या नियमाशी मेळ कसा घालावयाचा, हे तालुका स्तरावर दरवर्षी नव्याने ठरविले जाते आणि मंडळे शेवटच्या दिवसापर्यंत टांगणीवर राहतात. ज्या गावांनी नाटक सायंकाळी लवकर उभे केले, त्यांनाही प्रेक्षक मिळाले पाहिजेत. त्यासाठी गुरांची व जेवणाची वेळ मागेपुढे करावी लागते, आणि हे गावकऱ्यांशी बोलल्याखेरीज होत नाही.

नाटकांच्या तारखा वडशास दिवाळीपूर्वीच ठरू लागतात. म्हणून तळ्याचा किंवा वनाचा विषय ज्या गावास मंचावर आणावयाचा असेल, त्याने तो कोजागरीच्या आसपासच्या ग्रामसभेत घ्यावा. त्या सुमारास हलके धान कापणीस आलेले असते, तळ्यात पाणी किती उरले हे सर्वांना दिसत असते, आणि तुडुमाजवळ उभे राहूनच सभा घेतली तरी चालण्यासारखी हवा असते.